यांत्रिक सशामागून घराकडे

शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेऊन घरी आणण्याचा प्रघात आज इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत इतका अंगवळणी पडला आहे की तेथील नव्या पिढीला तो पूर्वापार चालत आलेला वाटावा. पण जुनी दफ्तरे चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की या प्रघाताचे वय जेमतेम अर्धशतकाचे आहे, आणि त्याच्या आधीचे अर्धशतक असे गेले की ज्यात या कुत्र्याला घर ठाऊक नव्हते आणि कामाचे दिवस सरल्यावर बहुधा आयुष्यही उरत नव्हते. या दोन्ही अर्धशतकांच्या पलीकडे, अठराशे वर्षांहून अधिक मागे गेले, तर मात्र याच कुळातला कुत्रा माणसाच्या पायाशी नव्हे, तर त्याच्या अंथरुणावर झोपलेला आढळतो. तो घरातून बाहेर कसा पडला आणि पुन्हा घरी कसा आला, याची ही हकीकत आहे.

शिकंदराच्या हिंदुस्थानावरील स्वारीचा वृत्तान्त ज्याच्या ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोहोचला, तो आरियन हा इतिहासकार आपल्याकडील अभ्यासकांना परिचित आहे. परंतु इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या आणि रोमन सम्राट हेड्रियनच्या अमदानीत कॅपाडोशिया प्रांताचा सुभेदार असलेल्या या गृहस्थाने शिकारी कुत्र्यांवर एक छोटेखानी ग्रंथ लिहून ठेवला आहे, हे फारसे कोणास ठाऊक नसते. त्याच्या आधी सुमारे पाचशे वर्षे झेनोफन या ग्रीक लेखकाने याच विषयावर लिहिले होते. पण दृष्टीच्या बळावर आणि केवळ वेगाने सशाला गाठणारे केल्ट लोकांचे कुत्रे झेनोफनने पाहिले नव्हते, आणि ही उणीव भरून काढण्यासाठीच आपण लेखणी हाती घेतली, असे आरियन सांगतो. त्याच्याजवळ होर्मे नावाची एक कुत्री होती. तो व्यायामशाळेत गेला की ती बरोबर जाई, त्याचा व्यायाम संपेपर्यंत थांबे, आणि परतताना पुढे चालत असता आपला धनी वाट सोडून भलतीकडे तर वळला नाही ना, हे पाहण्यासाठी वारंवार मान मागे वळवी. भूक लागली म्हणजे ती एका पंजाने, मग दुसऱ्या पंजाने त्याला डिवची. असा कुत्रा माणसाजवळ झोपावा हे सर्वांत चांगले, कारण त्याला माणसाचा स्पर्श आवडतो, असेही आरियनने लिहून ठेवले आहे. शिवाय, खरा शिकारी आपले कुत्रे सशाचा जीव घेण्यासाठी सोडीत नाही, धाव पाहण्यासाठी सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, हे त्याचे मत आहे. सुभेदारीच्या व्यापात गुंतलेल्या एका मनुष्याने आपल्या कुत्रीचे नाव पुढच्या काळाला ठाऊक असावे म्हणून ते जाणीवपूर्वक ग्रंथात नोंदवावे, या गोष्टीचे मोल मला मोठे वाटते. कारण पुढे अठरा शतकांनंतर हजारो ग्रेहाउंडांची नावे, वजने आणि वेळा अतिशय काटेकोरपणे टिपल्या गेल्या, पण त्या टिपणाऱ्यांना असे काही वाटत होते असे दिसत नाही.

मध्ययुगीन युरोपात हा कुत्रा सरदारदरकदारांच्या घरचा झाला. दहाव्या शतकातील वेल्सचा राजा हवेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यांत निरनिराळ्या कुत्र्यांची किंमत ठरवून दिलेली आहे आणि तीत ग्रेहाउंडाला स्वतंत्र स्थान आहे. सशामागे कुत्री सोडण्याची ही सरदारी हौस पुढे इंग्लंडात कोर्सिंग नावाचा रीतसर खेळ बनली, आणि एलिझाबेथ राणीच्या काळात नॉर्फोकच्या ड्यूकने तिला नियमांची चौकट दिली. १७७६ साली लॉर्ड ऑर्फर्ड याने नॉर्फोकमधील स्वॉफम या गावी कोर्सिंगची पहिली मंडळी स्थापन केली, आणि १८३६ पासून लिव्हरपूलजवळच्या ऑल्टकार येथील माळावर वॉटर्लू कप नावाची स्पर्धा भरू लागली. या कोर्सिंगची रीत अशी की, दोन कुत्र्यांचे दोर एकाच माणसाच्या हाती असत. समोरून उठलेल्या सशाला सुमारे ऐंशी यार्डांची मोकळीक मिळाल्यावाचून तो माणूस दोर सोडीत नसे. आणि घोड्यावर बसलेला पंच कुत्र्याने सशाला कितीदा वळायला लावले यावर गुण देई. निकाल मुख्यतः ससा मारला गेल्यावर अवलंबून नसे, परंतु ससे मरत, हेही तितकेच खरे. आयर्लंडच्या मास्टर मॅकग्रा या कुत्र्याने १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीन वेळा ही स्पर्धा जिंकली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीने त्याला भेटीस बोलावून घेतले.

निमुळते तोंड, खोल छाती आणि आत ओढलेले पोट असे हे शरीर आपल्याला सर्वस्वी अनोळखी नाही. मराठवाड्यात पाळला जाणारा कारवानी कुत्रा आणि घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने ज्याची निगा राखली तो मुधोळ, हे दोघेही दृष्टीने शिकार करणाऱ्या याच प्रकारात मोडतात. आपल्याकडे तो शेतकऱ्याच्या वाड्यावस्तीवरच राहिला. त्याला शर्यतीच्या धंद्यात कोणी भरडला नाही, म्हणून त्याला त्यातून सोडवण्याचीही वेळ तेव्हा आली नाही.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र एक यंत्र आले. १८७६ साली लंडनजवळच्या हेंडन येथे सरळ रेषेत बसवलेल्या रुळावरून बनावट ससा ओढून त्यामागे कुत्री धावविण्याचा एक प्रयोग झाला; पण सरळ रेषेत सर्वांत वेगवान कुत्रा जिंकणार हे पहिल्याच क्षणी कळे, त्यामुळे लोकांना त्यात रस वाटला नाही आणि प्रयोग मागे पडला. चाळीसएक वर्षांनी ओवेन पॅट्रिक स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने वर्तुळाकार मैदान, विजेवर धावणारा ससा आणि त्यामागे सुटलेली कुत्री, अशी सगळी योजना बसवली आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील एमरीव्हिल येथे मैदान उघडले. दक्षिण डाकोटात असताना कोर्सिंगमध्ये सशांची होणारी हत्या पाहून तो व्यथित झाला होता आणि ती टाळण्यासाठीच त्याने बनावट सशाचा ध्यास घेतला, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. त्याच्या कळकळीबद्दल शंका घ्यावी असे मला वाटत नाही. जिवंत सशाच्या जागी कापडाचा ससा आणणे ही दयेचीच कृती होती. परंतु एका प्राण्यावर केलेल्या दयेचा जमाखर्च दुसऱ्या प्राण्याच्या खात्यावर कसा पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

कारण यंत्राने केवळ ससा वाचवला नाही. त्याने खेळाचे प्रमाणच बदलून टाकले. कोर्सिंग हिवाळ्यात चाले, माळावर चाले, दोन-दोन कुत्र्यांत चाले, आणि ससे संपले की थांबे. यंत्राचा ससा मात्र थकत नव्हता, मरत नव्हता, रात्रीच्या दिव्यांना बुजत नव्हता. दर पंधरावीस मिनिटांनी तो पुन्हा निघे आणि त्यामागे सहा किंवा आठ कुत्री सुटत. एका शहरात आठवड्यातून दोन-तीन रात्री, वर्षाचे बाराही महिने, अशा शर्यती चालवायच्या तर कुत्र्यांचा पुरवठाही अखंड हवा. आणि जिथे पुरवठा अखंड असतो तिथे मागे पडलेल्याला सांभाळण्याची निकड कोणाला वाटत नाही. ससा अमर झाला, आणि कुत्रा नाशिवंत ठरला.

इंग्लंडात हा खेळ चार्ल्स मन नावाच्या अमेरिकनाने आणला. ब्रिगेडियर-जनरल क्रिचली वगैरे मंडळींच्या साहाय्याने त्याने मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे मैदान बांधले आणि २४ जुलै १९२६ रोजी पहिल्या शर्यती भरवल्या. सुमारे सतराशे माणसे आली. मिस्टली नावाच्या कुत्र्याने पहिली शर्यत मारली. थोड्याच आठवड्यांत गर्दी अनेक पटींनी वाढली आणि पुढच्या वर्षी लंडनचे व्हाइट सिटी धरून देशभर मैदाने उघडली. या लोकप्रियतेचे मूळ कायद्यात होते. १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोख पैसे लावून पैज मारणे गुन्हा ठरले होते, मैदानाच्या आवारात मात्र मुभा होती. घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि शहरापासून दूर भरत, तेव्हा कापडगिरणीतल्या किंवा गोदीतल्या मजुराला, दिवसाचे काम आटोपून ट्रामने जाता येईल असे संध्याकाळचे मैदान हे मोठेच आकर्षण होते. श्रीमंतांच्या घोड्यांपुढे आपलाही एक कुत्रा असावा, दोघातिघा शेजाऱ्यांनी भागीदारीत घेतलेला का होईना, ही भावना खरी होती. तिची टवाळी करण्याचे कारण नाही. दुसरे महायुद्ध संपले आणि १९४६ मध्ये वर्षभरातील प्रेक्षकांची एकूण संख्या तीन कोटींच्या पुढे गेली.

या काळातील नामांकित कुत्रा म्हणजे मिक द मिलर. मूळचा आयर्लंडमधील एका पाद्रीसाहेबांच्या मालकीचा हा कुत्रा १९२९ आणि १९३० अशा लागोपाठ दोन वर्षी इंग्लिश डर्बी जिंकला, निवृत्तीनंतर एका चित्रपटात झळकला, आणि १९३९ मध्ये मरण पावल्यावर त्याचे शरीर पेंढा भरून नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुपूर्द करण्यात आले. आजही ते ट्रिंग येथील संग्रहालयात उभे आहे. त्याच्या बरोबरीने धावलेल्या आणि सहाव्या क्रमांकाने आलेल्या कुत्र्यांचे काय झाले, हे सांगणारे संग्रहालय कोठेही नाही.

येथे थोडे गणित मांडले पाहिजे, कारण सगळी कथा त्या गणितात आहे. ग्रेहाउंड सुमारे सव्वा ते दीड वर्षाचा झाला की मैदानावर रुजू होतो. चार-पाच वर्षांचा झाला की, बहुतेक वेळा त्याही आधी, त्याची कारकीर्द संपते. पायाचे हाड मोडले तर एका रात्रीत संपते. आणि त्याचे नैसर्गिक आयुष्य असते बारा वर्षांच्या आसपास. म्हणजे या धंद्याने बारांपैकी तीन वर्षांचा हिशेब ठेवला, आणि उरलेल्या सात-आठ वर्षांसाठी खातेवहीत पानच ठेवले नाही. धावण्याच्या मुदतीचा बंदोबस्त मात्र अत्यंत चोख होता. अमेरिकेत प्रत्येक कुत्र्याच्या दोन्ही कानांत गोंदण असते: डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक, उजव्या कानात जन्माचा महिना, वर्ष आणि भावंडांतला अनुक्रम दाखवणारे अक्षर. याशिवाय त्याच्या नावाने एक पत्रक तयार होते, ज्यात अंगावरचा रंग, पट्टे, नखांची रंगछटा अशा ५६ खुणांचा हुलिया लिहिलेला असतो. पॅरिसच्या पोलीस खात्यातील बर्तियाँ या अधिकाऱ्याने गुन्हेगारांची ओळख पटवण्यासाठी शरीराच्या मोजमापांची जी पद्धत काढली होती, तिच्यावरून या पत्रकाला बर्तियाँचेच नाव मिळाले. हा कुत्रा तोच आहे, त्याच्या जागी दुसरा धावत नाही, याची पैजेच्या पैशापोटी इतकी काळजी घेतली गेली. परंतु तोच कुत्रा पाच वर्षांचा झाल्यावर कोठे गेला, याची नोंद ठेवण्याचे बंधन कित्येक दशके कोणावरच नव्हते.

तो कोठे गेला हे अधूनमधून जमिनीतून वर आले. १९९२ साली अ‍ॅरिझोनातील चँडलर हाइट्स येथे एका ओसाड पडलेल्या संत्र्या-लिंबांच्या बागेत शंभराहून अधिक ग्रेहाउंडांची प्रेते सापडली. २००६ मध्ये इंग्लंडच्या डरहम परगण्यातील सीअम गावी एक मनुष्य पंधरा वर्षे प्रशिक्षकांकडून थोडी रक्कम घेऊन नको झालेले ग्रेहाउंड मारीत आणि आपल्या जमिनीत पुरीत आला होता, आणि त्यांची संख्या दहा हजारांपर्यंत असावी, असे एका वृत्तपत्राने उजेडात आणले. त्याला झालेली शिक्षा दोन हजार पौंडांच्या दंडाची होती, आणि तीही परवान्यावाचून मृतदेह जमिनीत पुरल्याबद्दल. कुत्री मारणे हा त्यात गुन्हाच नव्हता. हा तपशील मी मुद्दाम देतो. एका मनुष्याच्या क्रौर्यावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे असते. पण कायद्याला मातीची काळजी होती आणि कुत्र्याची नव्हती, ही गोष्ट त्या मनुष्याहून मोठी आहे.

तरीही याच धंद्याच्या आत, या धंद्यातल्याच माणसांच्या मनात, अस्वस्थता फार आधी उत्पन्न झाली होती. पहाटे कुत्र्यांना मोकळ्या आवारात सोडणारे, त्यांचे पाय चोळणारे, जखमा बांधणारे जे हात होते ते कमाईच्या हिशेबाबाहेरचे प्रेम करीत; आणि एखादा म्हातारा कुत्रा गुपचूप आपल्या घरी नेऊन ठेवणारे प्रशिक्षक व नोकर प्रत्येक मैदानावर थोडेबहुत असतच. या विखुरलेल्या ममतेला संस्थेचे रूप इंग्लंडात १९७५ साली मिळाले, जेव्हा शर्यतींचे नियमन करणाऱ्या मंडळाच्याच पुढाकाराने निवृत्त ग्रेहाउंडांसाठी एक न्यास स्थापन झाला. अमेरिकेत १९८० च्या दशकात दत्तकसंस्था उभ्या राहू लागल्या, १९८७ मध्ये ग्रेहाउंड पेट्स ऑफ अमेरिका ही संस्था निघाली, आणि पाहता पाहता अनेक राज्यांत लहानमोठी मंडळे काम करू लागली. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत काही तुरुंगांत कैद्यांच्या स्वाधीन ग्रेहाउंड देण्याची योजना निघाली: ज्याला घराचे वळण ठाऊक नाही असा कुत्रा आणि ज्याच्या हाती वेळच वेळ आहे असा मनुष्य, यांची काही आठवड्यांची सोबत घडवून मग तो कुत्रा बाहेरच्या कुटुंबात द्यायचा. इंग्लंडात २०२० पासून अशी तरतूद झाली की कुत्रा नोंदतानाच मालक आणि नियामक मंडळ मिळून, सुरुवातीला ४०० पौंडांची, अनामत ठेवतात आणि ती निवृत्तीनंतर त्याला सांभाळणाऱ्या संस्थेकडे जाते. खातेवहीत न ठेवलेले ते पान अखेरीस चौऱ्याण्णव वर्षांनी उघडले गेले.

मुंबईकर वाचकाला येथे पांजरापोळ आठवेल. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मुंबईत दंगा उसळला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभाई आदी धनिकांनी पांजरापोळ स्थापन केला. निरुपयोगी ठरलेल्या जनावराला मरेपर्यंत पोसणे हे त्यामागचे तत्त्व थोर आहेच. ग्रेहाउंडाच्या बाबतीत जे घडले ते मात्र निराळे होते: एका मोठ्या आवारात सर्वांची सोय करण्याऐवजी, एकेका कुत्र्यासाठी एकेक उंबरठा शोधण्यात आला.

आणि हा उंबरठा ओलांडणे त्याला किती कठीण जाते, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याकडे प्रथम संस्थेचा माणूस येऊन घर पाहून जातो, कुंपण किती उंच आहे, घरात मांजर आहे का, दिवसा कोणी घरी असते का, हे विचारतो. मग करारनामा होतो, आणि त्यात बहुतेक ठिकाणी दोन कलमे असतात, की कुंपण नसलेल्या जागी कुत्र्याला कधीही मोकळे सोडायचे नाही, आणि काही कारणाने सांभाळणे अशक्य झाले तर तो दुसऱ्या कोणाला न देता संस्थेकडेच परत करायचा. पहिले कलम निष्ठुर वाटते, पण ते अनुभवाने घातलेले आहे. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेग गाठणारे आणि प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलणारे हे जनावर एखाद्या पळत्या खारीमागे सुटले, तर ते हाकेच्या पलीकडे गेलेले असते आणि त्याला मोटार दिसत नाही.

मग तो घरात येतो, आणि घर ही वस्तूच त्याने कधी पाहिलेली नसते. शर्यतीची कुत्री जेथे ठेवतात त्या केनेलमध्ये सगळे एका पातळीवर, म्हणून जिना त्याला समजत नाही. पहिल्या पायरीशी तो थरथरत उभा राहतो, आणि त्याचा एकेक पाय हाताने उचलून पायरीवर ठेवून त्याला चढणे शिकवावे लागते. काच त्याला ठाऊक नसते, म्हणून काचेच्या दारावर आदळू नये यासाठी लोक तिच्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. आरशातला कुत्रा त्याला बुचकळ्यात टाकतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात. भांडे पडले, घंटा वाजली, दूरदर्शनच्या पडद्यावर काही हलले, की तो दचकतो. मांडीच्या स्नायूंची ठेवण अशी की त्याला बसणेही नीट जमत नाही, तो उभा असतो किंवा आडवा असतो. कित्येकांच्या मांड्यांवरचे केस झडलेले असतात, दात वाईट झालेले असतात. अंगावर चरबी नाही आणि केस आखूड, म्हणून थंडीत त्याला अंगरखा शिवावा लागतो. डोक्यापेक्षा मान जाड, म्हणून साधा पट्टा निसटतो आणि ओढ बसताच आवळणारा खास पट्टा घ्यावा लागतो. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा अधिक, आणि चरबी कमी असल्याने गुंगीच्या काही औषधांचा अंमल त्याच्यावर धोकादायक रीतीने लांबतो. ही माहिती नसलेला पशुवैद्य निरोगी ग्रेहाउंडाला आजारी समजण्याचा संभव असतो, म्हणून जुने दत्तकदार नव्यांना आधी पशुवैद्याचीच चौकशी करायला सांगतात.

परंतु केनेलने त्याच्याकडून जे हिरावून घेतले नाही तेही याच दिवसांत दिसू लागते. ठरावीक वेळी बाहेर सोडण्याची सवय असल्यामुळे तो घर घाण करणे लवकर सोडतो. जन्मापासून अनेक हात अंगावरून फिरलेले असल्याने तो माणसाला भीत नाही. वेगासाठीच ज्याला वाढवले, तो दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्या त्याला पुरतात, हे पाहून प्रत्येक नवा मालक चकित होतो. एकच गोष्ट त्याला सर्वांत जड जाते, ती एकांताची. साठ-सत्तर कुत्र्यांच्या श्वासांत ज्याच्या सगळ्या रात्री गेल्या, त्याला रिकाम्या खोलीतली पहिली रात्र असह्य होते. तो रडतो, येरझाऱ्या घालतो, आणि अखेर कोणीतरी उठून त्याचे अंथरूण आपल्या बिछान्याशेजारी ओढते. हा तोडगा नवा नाही, आरियनने तो लिहून ठेवलेला आहे. ज्या धंद्याला या कुत्र्याच्या ५६ खुणा पाठ होत्या, त्याला एवढी एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती.

दरम्यान मैदाने ओस पडत चालली. १९६१ मध्ये इंग्लंडात पैजेची दुकाने कायदेशीर झाली, तेव्हा मजुराला मैदानापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही, आणि शहरातल्या जमिनीला भाव आला. व्हाइट सिटी १९८४ मध्ये, वॉल्थमस्टो २००८ मध्ये आणि विम्बल्डन २०१७ मध्ये बंद झाले. ऑस्ट्रेलियात २०१५ साली दूरचित्रवाणीच्या एका शोधवृत्ताने उघड केले की काही प्रशिक्षक कुत्र्यांना चेव यावा म्हणून यंत्राला जिवंत ससे आणि डुकराची पिले बांधीत होते. स्मिथने ज्या सशासाठी यंत्र घडवले, तो ससा त्या यंत्रालाच बांधला गेलेला पाहून त्या देशातील लोकमत हादरले. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने २०१६ मध्ये बंदी जाहीर केली आणि धंद्याच्या दबावाखाली तीन महिन्यांत मागेही घेतली. मकावमधील कॅनिड्रोम हे मैदान २०१८ च्या जुलैत बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक कुत्री मागे सोडून दिलेली होती. स्थानिक प्राणिमित्रांनी आधी त्यांचे प्राण आणि मग त्यांच्यासाठी देशोदेशीची घरे मिळवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लॉरिडाच्या मतदारांनी सुमारे ६९ टक्के मतांनी शर्यती बंद करण्याचा कौल दिला, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या राज्यात एकही शर्यत झाली नाही. आज अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील दोनच मैदाने उरली आहेत. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

काही जुने शौकीन विचारतात की शर्यती गेल्या तर ग्रेहाउंड हे कूळ राहील काय. हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण केवळ पाळण्यासाठी या कुत्र्याची पैदास करणारे आजवर थोडेच होते. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर दत्तकसंस्थांच्या दफ्तरातूनच मिळू लागले आहे. फ्लॉरिडातील शर्यती बंद झाल्यानंतर अमेरिकेतील कित्येक संस्थांकडे अर्ज अधिक आणि कुत्री कमी अशी स्थिती झाली; पूर्वी जेथे मैदानावरच्या व्यवस्थापकाला विनवून कुत्री सोडवावी लागत, तेथे आता इच्छुक कुटुंबे महिनोन्महिने नाव नोंदवून वाट पाहतात, आणि संस्था आयर्लंड व ऑस्ट्रेलियातून निवृत्त ग्रेहाउंड विमानाने मागवून घेतात.